पत्र २०२३ ला निघालंय, आमच्या शाळेत कधी पोचणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगते. मोबाईलवर एका बोटाने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. मी भांडुपला राहते, वय ६४, पोस्टात ३३ वर्षं काढली, आधी सॉर्टिंगला आणि मग काउंटरला. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी रोज सव्वाअकराला माझी ड्युटी असतेच, नातीच्या शाळेच्या गेटवर.

नात तिसरीत आहे, घरी आम्ही तिला छकुली म्हणतो, खरं नाव नको लिहायला. तिला टाइप वन डायबिटीस आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते रोज टोचायला लागतं. अशा मुलांना शाळेत ते घेऊ द्या असं सांगणारं एक सरकारी पत्र २०२३ ला दिल्लीहून निघालंय, त्याबद्दल हे लिहितेय.

गेल्या शुक्रवारी १४ नोव्हेंबरला शाळेत बालदिन झाला. वर्गात सगळ्यांना खाऊचा पुडा दिला, त्यात एक कपकेक, वेफर्स आणि चॉकलेट. आमच्या छकुलीला दिली पेन्सिल आणि खोडरबर, वर सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, हिला शुगर आहे ना, हिला गोड चालत नाही. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितीय, त्यांनी बिचाऱ्यांनी आठवणीने पेन्सिल आणली. पण पोरगी घरी येऊन रडली पण नाही, नुसतं म्हणाली, "आज्जी, मी दीड युनिट जास्त घेतलं असतं ना गं." तिला कळतं की कपकेक खाल्ला तर त्याचं इन्सुलिन घ्यायचं, डॉक्टरांनीच शिकवलंय, रोज उठून केक खायचा नाही पण बालदिनाला सगळ्यांबरोबर एक खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. हे तिला कळतं, मोठ्यांना कळत नाही.

आणि गंमत बघा, १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन पण असतो. नेहरूंचा वाढदिवस तोच बँटिंग साहेबांचा, ज्यांनी १९२१ साली टोरंटोमध्ये बेस्ट नावाच्या मदतनिसाला घेऊन इन्सुलिन शोधलं. पहिलं इंजेक्शन दिलं ते जानेवारी १९२२ मध्ये, १४ वर्षांच्या मुलाला. त्याच्या आधी हा आजार झालेली मुलं काही महिने, फार तर वर्ष दोन वर्षं काढायची. आणि पेटंट त्या लोकांनी एकेक डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. आमचा महिन्याचा खर्च मात्र इन्सुलिनचं पेन, सुया, शुगर तपासायच्या स्ट्रिप सगळं धरून साडेपाच सहा हजारावर जातो, दंडावर लावायचा तो शुगर मोजणारा सेन्सर वेगळाच, तो आम्ही फक्त परीक्षेच्या वेळी किंवा आजारी पडली तर लावतो. असो, तो विषय वेगळा.

मला स्वतःला बारा वर्षं शुगर आहे. गोळ्या चालू आहेत, घरात ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर बघायचं मशीन आहे, त्यामुळे मला वाटायचं या विषयातलं मला सगळं कळतं. काही कळत नव्हतं. मागच्या वर्षी जुलैमध्ये छकुली सारखी पाणी प्यायला लागली, रात्री उठून बाटलीच तोंडाला लावायची, आणि सात वर्षांची पोर परत अंथरूण ओलं करायला लागली. मी ओरडले तिला. एवढी घोडी झालीस तरी, असं बोलले, ते अजून माझ्या घशात अडकलंय. फ्रॉक सैल व्हायला लागले तर आम्ही म्हणालो उंची वाढतेय. मग उलट्या सुरू झाल्या, डॉक्टरांना वाटलं पोट बिघडलंय, पावसात तेच चाललेलं असतं सगळीकडे, आणि मी शहाणी तिला ताकद यावी म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजत बसले, दोन दिवस! तिसऱ्या दिवशी ती जोरजोरात खोल श्वास घ्यायला लागली, तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता, तेव्हा मला काय सुचलं देव जाणे, कपाटातून माझं मशीन काढलं आणि तिच्या बोटाला टोचलं. मशीनवर आकडाच आला नाही. नुसतं 'हाय' लिहून आलं, म्हणजे सहाशेच्या वर. पंधरा दिवस ते मशीन तिच्या अंथरुणापासून चार फुटांवर कपाटात पडून होतं आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की लहान मुलालाही टोचून बघावं.

तसंच रिक्षात घालून हॉस्पिटल. चार दिवस आयसीयू. तिथल्या डॉक्टर मुलीने आम्हाला बसवून समजावलं, तिचे उपकार विसरणार नाही. ती म्हणाली, आजी, तुमची शुगर आणि हिची शुगर, नाव एक आहे पण आजार वेगळे. तुमच्या शरीरात इन्सुलिन आहे पण ते पुरेसं काम करत नाही. हिच्या शरीराच्या राखणदारांनीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शत्रू समजून मारून टाकल्या. गोड खाल्ल्याने नाही, आईने काही चुकीचं भरवल्याने नाही, तुमच्याकडूनही आलेलं नाही. हे शेवटचं तिने मुद्दाम सांगितलं कारण मी सारखं तेच विचारत होते. गोळी का नाही चालत तर इन्सुलिन पोटात गेलं की जेवणासारखं पचून जातं, म्हणून टोचायलाच लागतं, रोज चार वेळा, तीन जेवणाआधी आणि एक रात्री, दांडी नाही.

घरी आल्यावर पहिले तीन महिने काय सांगू. कशाला किती इन्सुलिन लागतं ते सूनबाईने वहीत सगळं लिहायला सुरुवात केली, एक पोळी किती, वाटीभर भात किती, वडापाव किती, आंब्याची फोड किती. मुलगा कुरियर कंपनीत आहे, तो रात्री दोनचा अलार्म लावून उठायचा शुगर बघायला, सकाळी परत ७.१० ची लोकल. एकदा घाईत केमिस्टने केशरी टोपणाची, म्हणजे शंभरच्या बाटलीची सिरिंज दिली आणि आमची बाटली होती चाळीसवाली (एका मिलीत चाळीस युनिट), तिला लाल टोपणाची लागते. मुलाच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर १० ची खूण बघून भरलं असतं आणि अंगात गेले असते चारच युनिट. उलटं झालं असतं, म्हणजे शंभरची बाटली आणि लाल सिरिंज, तर अडीच पट गेलं असतं, विचारच नको. आता पेन आहे तर ती कटकट गेली.

आणि शेजारीपाजारी! कारल्याचा रस द्या, कुणी म्हणे अमक्या ठिकाणी पुडी मिळते, इंजेक्शनं सुटतात. अहो, इंजेक्शन सोडलं तर पोर परत आयसीयूत जाईल, एखादवेळी परत येणारही नाही. एका मावशींनी तर मला जिन्यात थांबवून हळूच सांगितलं, मुलीची जात आहे, फार बोलू नका कुठे, पुढे लग्नाचं बघायला लागेल. मी म्हटलं, मावशी, ती चक्कर येऊन पडली तर काय करायचं हे शेजारी म्हणून तुम्हालाच माहिती पाहिजे, तुमच्यापासून लपवून कसं चालेल? त्यांना ग्लुकोजचा डबा कुठे ठेवलाय ते दाखवूनच घरी आले.

आता शाळेचं.

शाळा ८ ते अडीच, मोठी सुट्टी ११.२० ला. डब्याच्या आधी शुगर बघून इन्सुलिन घ्यायचं असतं. छकुली स्वतः बोट टोचते, पेनवर आकडा पण स्वतः फिरवते, फक्त कुणीतरी मोठ्याने आकडा बरोबर आहे ना एवढं बघायचं. शाळा म्हणाली वर्गात सुई नको, बाकीची मुलं घाबरतात, आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची. म्हणून पहिला महिना माझी नात मुलींच्या टॉयलेटमध्ये उभी राहून इंजेक्शन घेत होती, जिथे आपण डबा सुद्धा उघडणार नाही तिथे! हे कळल्यावर मी जायला सुरुवात केली. आता आम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये घेतो. वॉचमनदादा स्वतःची खुर्ची देतात आणि तोंड फिरवून बसतात, त्यांना सुईची भीती वाटते, पण एक दिवस नाही म्हणाले नाहीत. शाळेचं नाव मी लिहिणार नाही, पोरीला तिथेच शिकायचंय, आणि बाकी शाळा चांगली आहे. एका वर्गात ५२ मुलं आहेत, बाईंचं कुठे कुठे लक्ष राहणार, तेही मला दिसतं.

पण ऑगस्टमध्ये काय झालं ते ऐका. सोमवार होता, पाऊस असा की स्टेशनकडे जाणारा रस्ता तुंबलेला, रिक्षा नाही, माझा गुडघा सुजलेला. मी चालत निघाले, पोचेपर्यंत पावणेबारा. त्यादिवशी पीटी आधी झाली होती, हॉलमध्ये पळापळी. छकुलीची शुगर लो झाली. हात थरथरायला लागले, घाम सुटला, बोलणं अडखळायला लागलं. सरांना वाटलं नाश्ता न करता आलीय, तिला म्हणाले जा वर वर्गात जाऊन डोकं ठेवून बस. एकटीला. तीन मजले जिने चढून. लो झालेल्या मुलाला एकटं कुठेच पाठवायचं नसतं हो, जिन्यातच पडतं ते मूल. तिच्या बाजूला बसणारी मैत्रीण आमच्याकडे खेळायला येते, तिने पाहिलं आणि ती धावत वर जाऊन दप्तरातला ग्लुकोजचा डबा घेऊन आली, पायरीवर बसवून तिला खायला घातलं. मी गेले तेव्हा दोघी तिथेच पायरीवर, तोंडाला पांढरी पावडर. टोचून बघितलं तर ५८. म्हणजे खाल्ल्यानंतर ५८, आधी किती असेल मला विचारायचं पण नाही.

त्या आठ वर्षांच्या पोरीला जे समजलं ते समजायला शाळेतल्या एका मोठ्या माणसाला फार तर अर्धा तास लागेल, मी स्वतः येऊन शिकवते म्हटलं. ७० च्या खाली गेली की तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर, पाण्यातून दिली तरी चालते, चॉकलेट नको कारण त्यातल्या फॅटमुळे साखर चढायला वेळ लागतो, पंधरा मिनिटांनी परत टोचून बघा, तरी कमी असेल तर परत तेवढंच. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल, सरळ हॉस्पिटल आणि आम्हाला फोन. आणि शुगर वाढली असेल तेव्हा तिला सारखी सू लागते, पाणी लागतं, तेव्हा "आत्ताच गेली होतीस ना" म्हणून अडवू नका.

हे मी माझ्या मनाचं मागत नाहीये. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवलंय की टाइप वन असलेल्या मुलांना शाळेत, वर्गात सुद्धा, शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या, परीक्षेत ग्लुकोमीटर आणि खाणं जवळ ठेवू द्या, डॉक्टर हो म्हणत असतील तर खेळू द्या. उत्तर प्रदेशात त्याच वर्षी त्यावरून शाळांना आदेश पण निघाले. सीबीएसईने तर २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेला अशा मुलांना खाणं न्यायला परवानगी दिलीय. मी प्रिन्सिपल मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं, तो म्हणाला आजी, रोज चाळीस मेल येतात.

पोस्टातली माणसं हे ऐकून गप्प बसू शकत नाहीत. पत्र टाकलं आणि पत्र पोचलं यात फरक असतो, आणि पोचलं आणि उघडून वाचलं यात त्याहून मोठा. आमच्याकडे त्यासाठी रजिस्टर पोस्टाला एडी कार्ड असायचं, समोरच्याची सही घेऊन परत यायचं, मग कुणी म्हणू शकायचं नाही की मिळालंच नाही. (२०२५ मध्ये ते रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टात घातलं, त्यावर मी वेगळं पत्र लिहीन.) २०२३ पासून हे एक पत्र दिल्लीहून निघालंय आणि भांडुपच्या एका शाळेपर्यंत आलेलं नाही. मग पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळांचं काय असेल, जिथे गेटवर बसायला रिकामी आजी पण नाही?

शिक्षण खात्याच्या साहेबांनी हे वाचलं तर एवढंच करावं, शाळांकडून लिहून घ्यावं की पत्र वाचलं आणि अमुक शिक्षकाला शिकवलं. नावासकट.

आपलं वर्तमानपत्र आमच्या शाळेच्या ऑफिसात येतं, मी टेबलावर बघितलंय. पत्र छापलंत तर उपकार होतील. तरी मी कात्रण कापून सव्वाअकराला घेऊन जाईनच, मॅडमच्या हातात देईन, आणि मागे तारीख घालून पोचल्याची सही घेईन.

आपली,
छकुलीची आजी
भांडुप, मुंबई