टोमॅटोचा रस, ऑलिव्ह तेल आणि वगळलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत टोमॅटोचा रस आणि ऑलिव्ह तेल यांच्या पोषणमूल्यांची एका तक्त्यात झुंज लावून आपण तेलाला विजयी घोषित केलेत, त्याबद्दल अभिनंदन. दोन्ही पदार्थ १०० ग्रॅमच्या मापाने तोलले आहेत, ही तळटीप मात्र इतक्या फिकट आणि बारीक अक्षरांत होती की मला ती भिंग घेऊन वाचावी लागली.

१०० ग्रॅम ऑलिव्ह तेलात ८८४ कॅलरी आणि तेवढ्याच रसात सुमारे १७, हे आकडे बरोबर आहेत; पण १०० ग्रॅम तेल एका बैठकीत पितो कोण? मोठा चमचाभर तेल जेमतेम १३-१४ ग्रॅम भरते, रस मात्र पेलाभर घेतला जातो. तक्त्यात ‘ई’ जीवनसत्त्वापुढे दिमाखात छापलेल्या १४ मिलिग्रॅमपैकी त्या चमच्यातून दोनही पदरात पडत नाहीत आणि ‘क’ जीवनसत्त्व तर तेलात औषधालाही नसते. ऑलिव्हचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील मोनोअनसॅच्युरेटेड (हृदयाला हितकर मानली जाणारी) स्निग्धाम्ले, १०० ग्रॅममध्ये सुमारे ७३ ग्रॅम. त्यांना आपल्या तक्त्यात जागा मिळाली नाही.

जागा पोटॅशियमलाही मिळाली नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्याच पुरवणीत टोमॅटोच्या रसाची स्तुती आली होती व त्याचा अपाय कोणालाच नाही, असे त्यात ठामपणे लिहिले होते. माझ्या थोरल्या बंधूंना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यामुळे जादा पोटॅशियम शरीराबाहेर टाकले जात नाही. पोटॅशियम कमी व्हावे म्हणून आहारतज्ज्ञांच्या सांगण्यावरून वहिनी रोज भाज्या चिरून पाण्यात भिजत घालीत आणि ते पाणी ओतून देत; आणि त्याच स्वयंपाकघरात, त्याच ओट्याशी उभे राहून, दादा रोज सकाळी पेलाभर टोमॅटोचा रस पीत. अशा एका पेल्यात ४०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. तीन आठवड्यांनी रक्ततपासणीत ते ६.१, म्हणजे हृदयाला धोका पोहोचेल इतके, निघाले आणि दोन रात्री त्यांना रुग्णालयात, हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्राला जोडून, काढाव्या लागल्या. ‘‘हे कोणी सांगितले होते?’’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर दादा अगदी निरागसपणे म्हणाले, ‘‘पेपरात आले होते.’’ डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिले आणि वहिनींनी माझ्याकडे, कारण ते कात्रण मीच नेऊन दिले होते. माझी चूक मी नाकारत नाही. मात्र त्या वेळी मी पाठवलेले पत्र आपण छापले नाही आणि काल तोच रकाना पुन्हा वगळला गेला.

तयार डब्यातला रस घेणाऱ्यांसाठी मिठाचा उल्लेखही हवा होता. मीठ घातलेल्या रसाच्या पेल्यातून सुमारे ५०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. रक्तदाबाच्या रुग्णाला ते ठाऊक असलेले बरे.

मुळात ही झुंज लावण्याचे कारणच मला समजले नाही. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे टोमॅटो शिजवून थोड्या तेलातुपाबरोबर घेतला तर ते शरीरात अधिक शोषले जाते. आपल्याकडे टोमॅटोच्या साराला तूप-जिऱ्याची फोडणी देतात आणि इटलीत टोमॅटो ऑलिव्ह तेलातच शिजतो. तिथल्या एकाही गृहिणीला त्यांच्यात विजेता ठरवावासा वाटला नसावा.

विजेत्याच्या नावाखालीच आयात केलेल्या ऑलिव्ह तेलाची अर्धे पान जाहिरात होती. हा योगायोगच असणार, यात मला शंका नाही. जाहिरातीची अक्षरे मात्र ठळक आणि सुबक होती, वाचायला भिंग लागले नाही. पुढील रविवारी पोटॅशियम आणि सोडियमचे रकाने घालून तक्ता पुन्हा छापावा आणि तो त्याच आकाराच्या अक्षरांत असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक जुना वर्गणीदार, सांगली