काउंटर आधी, अहवाल मग

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधल्या साख संस्था (पतसंस्था), सियागंजातले घाऊक व्यापारी, पॅथॉलॉजी लॅब यांच्या काउंटरवर ‘सर्व्हर स्लो आहे, जरा थांबा’ हे वाक्य ठरावीक दिवशीच जास्त ऐकू येते. महिनाअखेर, व्याज जमा करण्याचा दिवस, जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची ११ तारीख, ३बी ची २० तारीख. यंत्र तेच, माणसे तीच. फरक एवढाच की त्या दिवशी काउंटरच्या पावत्यांबरोबर त्याच सर्व्हरवर अवजड अहवाल, व्याजाच्या नोंदी किंवा बॅकअपही चालू असतो. तरीही संचालक मंडळापुढे ठराव येतो तो नव्या सर्व्हरचा. माझी कळकळीची विनंती आहे की ठरावाआधी कामांचा अग्रक्रम तपासावा. पुष्कळदा दुखणे तिथेच असते आणि इलाजाला पैसे लागत नाहीत.

रांगेचे साधे गणित पाहा. कामे अनियमित येत असतील आणि प्रोसेसर ५० टक्के गुंतलेला असेल, तर एका कामाला त्याच्या मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. पण काउंटरच्या कामाला वरचा अग्रक्रम दिला, की प्रोसेसरपुरते त्याचे थांबणे फक्त इतर काउंटरांच्या गर्दीवर ठरते. मागे चाललेला अहवाल त्याला जवळजवळ दिसतच नाही. अहवालाला ४ मिनिटे जास्त लागतील, लागू द्यावीत. त्याच्यासमोर कोणी पासबुक घेऊन उभे नसते.

१९८८ साली आलेल्या आयबीएमच्या एएस/४०० मध्ये ही विभागणी मुळातच करून मिळते: स्क्रीनवरच्या कामाला अग्रक्रम २०, बॅचला, म्हणजे मागे चालणाऱ्या ढीगभर कामाला, ५०, आणि लहान आकडा वरचढ. विंडोज आणि लिनक्स सर्व्हरवर मात्र बरेचसे आपल्यालाच ठरवावे लागते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावलेले काम मूळ सेटिंगप्रमाणे ७ क्रमांकावर, म्हणजे ‘बिलो नॉर्मल’ चालते. तेच काम कोणी दुपारी हाताने सुरू केले, की ते ‘नॉर्मल’ होऊन काउंटरच्या बरोबरीला येऊन बसते. अशा कामाची बॅच फाइल ‘स्टार्ट’ हुकूम आणि ‘/बिलोनॉर्मल’ पर्याय वापरून लिहून ठेवावी. उलट्या बाजूने, काउंटरच्या प्रोग्रॅमला टास्क मॅनेजरमधून ‘रिअलटाइम’ कधीही देऊ नये. तो प्रोग्रॅम कुठे अडकून फिरत राहिला तर माउस, कीबोर्ड आणि डिस्कवर लिहिणे, सगळेच अडते. वरच्याला चढवण्यापेक्षा खालच्याला उतरवावे.

लिनक्सवर अग्रक्रम ठरवणारा ‘नाइस’चा आकडा उणे २० ते १९ असतो, मूळ आकडा ० असतो आणि मोठा आकडा म्हणजे खालचा अग्रक्रम. प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणन करणाऱ्या भागावर) ० आणि १० अशी दोन कामे भिडली, तर १० वाल्याला जेमतेम १० टक्के वेळ मिळतो. १९ वाल्याला दीड टक्काही नाही. मात्र कामे सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) वेगवेगळ्या गटांत विभागली असतील आणि गटांमध्ये प्रोसेसरची वाटणी चालू असेल, तर ‘नाइस’ची तुलना गटाच्या आतच होते. तिथे गटाचा प्रोसेसरमधला वाटा ठरवणारे ‘सीपीयूवेट’ बदलावे लागते. त्याचे मूळ मूल्य १००. बॅकअपच्या सेवेला २० दिले तरी पुरते.

यानंतर येते ती नेहमी होणारी चूक. अहवालाच्या स्क्रिप्टला ‘नाइस’ लावले म्हणजे अहवाल खाली उतरला असे समजले जाते. स्क्रिप्ट फक्त प्रश्न पाठवते. घाम गाळतो तो डेटाबेस, आणि त्याचा अग्रक्रम तसाच राहतो. बदल डेटाबेसच्या आत करायला हवा. मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये कामांना गटवार अग्रक्रम देणारे रिसोर्स ग्रुप आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये तशाच कामाचा रिसोर्स गव्हर्नर २००८ पासून आहे, पण बराच काळ तो फक्त महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीतच मिळत असे. तो नसेल तर निदान अहवालाच्या क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) ‘मॅक्सडॉप’, म्हणजे किती कोअर वापरायचे त्याची मर्यादा, १ किंवा २ घालावी, म्हणजे एकच अहवाल सगळे कोअर अडवणार नाही.

आणि मुळात भांडण प्रोसेसरवर आहे का, हे आधी पाहावे. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या एका वाचनाला सरासरी ०.०२० सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत असेल आणि प्रोसेसर ३० टक्क्यांवर निवांत असेल, तर प्रोसेसरचे अग्रक्रम बदलून काहीही होणार नाही. ७,२०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क विखुरलेली वाचने सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच करू शकते. त्यात बॅकअप शिरला की काउंटर संपलाच. तिथे बॅकअपची वेळ हलवावी किंवा डेटाबेस एसएसडीवर न्यावा. लिनक्समध्ये डिस्कच्या कामाचा अग्रक्रम ठरवणारे ‘आयओनाइस’ आहे, पण डिस्कचा शेड्युलर (वाचन-लेखनाचा क्रम लावणारा भाग) ‘नन’ असेल तर त्याचा उपयोग शून्य. अँटिव्हायरसचे पूर्ण स्कॅन भरदुपारी लावलेले नाही ना, हेही बघून घ्यावे.

सर्वांत कमी समजून घेतला जाणारा भाग कुलपांचा, म्हणजे लॉकचा. एक काम नोंद बदलत असताना दुसऱ्याने तिला हात लावू नये म्हणून डेटाबेस ती अडवून ठेवतो, तो लॉक. समजा, व्याजाचे काम सर्वांत खालच्या अग्रक्रमावर टाकले. त्याने खात्यांच्या टेबलावर लॉक घेतला आणि तेवढ्यात प्रोसेसर दुसऱ्या कामांनी भरला. आता त्याला वेळ मिळत नाही, म्हणून लॉक सुटत नाही, आणि काउंटर त्या लॉकसाठी ताटकळतो. अग्रक्रम उतरवून आपण काउंटरच अडवला! १९९७ साली नासाच्या मार्स पाथफाइंडर यानावरचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. म्हणून नोंदी बदलणारे काम नुसते उतरवू नये, त्याचे तुकडे करावेत.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका हुकमाने एका टेबलावर सुमारे ५,००० लॉक घेतले, की तो ते सोडून अख्ख्या टेबलाला एकच लॉक लावू पाहतो. ४०,००० खात्यांचे व्याज एका दमात टाकले की काउंटर गोठतो तो इथे. तेच काम ५०० खात्यांच्या तुकड्यांत करावे, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट (बदल कायम करून लॉक सोडणे) आणि २०० मिलिसेकंदांची विश्रांती द्यावी. ८० तुकडे होतात आणि विश्रांतीचा एकूण खर्च अवघा १६ सेकंद. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागते: ज्या कमिटमध्ये व्याज जमा होते त्याच कमिटमध्ये ‘या तिमाहीचे व्याज जमा’ अशी खूण त्या खात्यावर पडली पाहिजे. नाहीतर मध्येच वीज गेली आणि काम पुन्हा सुरू केले, तर आधीच्या खात्यांवर दुप्पट व्याज पडेल, आणि ते निस्तरणे मंद सर्व्हरपेक्षा फार वाईट.

नुसते वाचणारे अहवालही एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये लिहिणाऱ्यांना अडवतात. वाचणाऱ्याला नोंदीची आधीची कायम झालेली प्रत दाखवणारे ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ चालू केल्यास हा अडथळा बव्हंशी जातो. त्याने टेम्पडीबीवर (एसक्यूएल सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसवर) भार वाढतो, तेव्हा तिथे जागा मोकळी ठेवावी आणि बदल सुटीच्या दिवशी करावा.

रिमोट डेस्कटॉपवर दहा-बारा जण टॅली वापरतात तिथे चित्र थोडे वेगळे आहे. सेशन होस्टची भूमिका (अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी विंडोज सर्व्हरची सोय) रीतसर बसवलेली असेल, तर विंडोज प्रोसेसरचा वेळ सेशनांत सारखा वाटतो आणि एकाचा अहवाल बाकीच्यांना फारसा छळत नाही. मेमरी मात्र अशी वाटली जात नाही. त्याच यंत्रावर एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याच्या कमाल मेमरीवर मुळात मर्यादाच नसते. ३२ जीबीच्या यंत्रावर ती १६ ते २० जीबीवर बांधून टाकावी.

संस्थांनी सॉफ्टवेअर पुरवठादाराशी करार करताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: व्याजाचे काम किती खात्यांनंतर कमिट करते, मध्येच थांबवले तर पुढे कुठून सुरू होते, आणि अहवाल वेगळ्या डेटाबेस लॉगिनने चालतात की काउंटरच्याच. शेवटचे उत्तर ‘काउंटरच्याच’ असेल तर ते आधी बदलून घ्यावे. लॉगिन वेगळे नसेल, तर कोणते काम कुठल्या गटात घालायचे हे डेटाबेसला सांगणे अवघड होऊन बसते.

आपला,
सर्व्हर देखभालीचे काम करणारा एक वाचक, इंदूर