काकाजींचा डबा

आर्वी तालुका
11 जानेवारी 2026, रविवार

प्रिय बारक्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी वावरात गेलोय असं तुझ्या वहिनीनं सांगितलं. ते खोटं होतं. मी आतल्या खोलीतच होतो, डोळ्याला आयग्लास, ते घड्याळजीचं भिंग, लावून. बोललो असतो तर निघालंच असतं तोंडातून, म्हणून उचलला नाही. आता लिहूनच टाकतो. काकाजींचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान काकूंनी रिकामं केलं आणि सगळी हत्यारं मी घरी आणली.

दे शिव्या. देऊन झाल्या की पुढं वाच.

तब्येती ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर गोळीवर चालू.

पोळा झाल्यावर काकूंनी बोलावलं. नागपूरचा कोणी येऊन 25 हजार बोलून गेला होता. पण त्याला लेथ वेगळी, स्टेकिंगचा, म्हणजे बारीक भाग ठोकून बसवायच्या पंचांचा, डबा वेगळा, घोड्याच्या केसाची ती कमान शोभेला वेगळी, असं सुटं सुटं विकायचं होतं. काकू म्हणाल्या, "तुमी दोघं पोट्टे बसत होते ना अठीसा. दोघं मिळून कराल तं अठरा हजारात नेऊन जा." मी म्हटलं, "हो काकू, दोघं मिळूनच." सोयाबीनचे पैसे खिशात होते, तिथंच मोजून दिले. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि मला तुझी खुशाली विचारली. मीही मोठ्या तोंडानं सांगितली, जसा काही रोज बोलतो तुझ्याशी.

तेव्हापासून ते "दोघं" माझ्या डोक्यात बसलंय. हात तुझा होता, मी तर चहा आणणारा. काकाजी तुला बॅलन्स, घड्याळाचं ते झुलणारं चाक, धरायला देत आणि मला पेट्रोलची वाटी. डबा तुलाच मिळायचा होता, हे सगळ्या बाजारओळीला माहीत होतं.

खोली म्हणशील तर आबांची, उत्तरेकडची. बैठ्या पेटीवर आता कंबर टिकत नाही, म्हणून गोठ्याचं जुनं सागवानी दार काढून टेबल करवलं, छातीइतकं उंच. सुतारानं तीनदा विचारलं, याच्यावर जेवणार कसे? कोपरं टेकवून घड्याळ डोळ्याजवळ आणायचंय, हे त्याला सांगून पाहिलं. तो माझ्याकडं, मी त्याच्याकडं. टेबलाच्या काठाला पंचा ठोकलाय, तोच मांडीवर घेऊन बसतो. ही अक्कल आली ती नुकसानीतून. पहिल्याच आठवड्यात एक ज्वेल चिमट्यातून उडालं आणि सारवलेल्या जमिनीनं गिळलं. मी शहाणा, लोहचुंबक फिरवत रांगतोय! पोरगी दारातून म्हणे, "बाबा, माणिक लोहचुंबकाला कसं लागेल?" आठवीत आहे. काकाजींनी हेच म्हटलं असतं, वरून टपली मारली असती.

खरी भानगड कापसाची. भाव चढेल म्हणून अर्धा कापूस घरातच भरून ठेवलाय. हमीभाव 8,110 आहे लांब धाग्याला, पण ओलावा पाहून किती हातात पडेल ते देव जाणे. तर तो कापूस शेजारच्या खोलीत. बंडूकाकाची जनता, म्हणजे एचएमटीचं घड्याळ, सोडवली, धुतली, धांड्यातल्या भेंडात पिव्हट, म्हणजे आसांची बारीक टोकं, टोचून साफ केले, नवं तेल दिलं. दोन दिवस छान चालली, तिसऱ्या दिवशी ठप्प. पुन्हा उघडली तर सेकंदाच्या चाकाखाली एक पांढरा तंतू, दात्यांना असा गुंडाळलेला की जणू कोणी चरख्यावर कातला. आता कामाच्या आधी दाराला ओली चादर टांगतो. तुझी वहिनी म्हणते, कापूस विका नाहीतर घड्याळं विका. तिचं ऐकलं तर दोन्ही विकावं लागेल.

एचएमटीचं बरं चाललंय, म्हणजे लोक आणून देतात. 2016 ला सरकारनं कंपनीच बंद करायचं ठरवलं. आता नवे सुटे भाग कुठून आणू? चार मेलेल्या जनता घ्यायच्या, एक जिवंत करायची. 17 ज्वेल, तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला 5. काकाजी तो पाढा म्हणून घ्यायचे आणि तू मुद्दाम चुकवायचास.

आता मुद्द्याचं. आबांचं गार्डचं घड्याळ पडलं. माझ्याच हातून. त्याला शॉकप्रूफ वगैरे काही नाही, स्टाफचा, म्हणजे बॅलन्सच्या आसाचा, पिव्हट साफ तुटला. तुला काय आठवलं ते मला माहीत आहे. तलाठ्याच्या घड्याळाचा पिव्हट माझ्या हातून तुटला होता बारक्या, आणि मार तू खाल्लास. मी कपबश्या विसळत उभा होतो. काकाजी गेले त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांच्याजवळ बसलो होतो, तेव्हाही सांगितलं नाही. तुला पुण्याला लावून देणारी एसटी मीच थांबवली होती हात करून, हेही आठवतं.

असो. जुन्या मालात मापाचा स्टाफ सापडला. जुन्याची रिव्हेट लेथवर खाऊन काढली, बॅलन्स वाकू दिला नाही, एवढं जमलं. आता नवा बसवून रिव्हेट ठोकायची. डबा उघडला. लाकडाचा तो वास अजून तसाच आहे. सगळे पंच आपापल्या भोकात उभे, दुसऱ्या ओळीत एक भोक रिकामं. शेजारचे दोन्ही लावून पाहिले. एकात स्टाफ जातच नाही, दुसऱ्यात डुगडुगतो. काकाजी तो पंच वर्षानुवर्षं शोधत होते. मी कधी तुझं नाव घेतलं नाही. तेवढं एक माझ्या बाजूनं लिहून ठेव.

तुझी बदली टळली का? वहिनींच्या शाळेचं काय झालं? धाकट्याला बारावीला फार दामटू नको. त्याला सांग, लंब्याकाकानं दहावीचं गणित दोनदा दिलं आणि तरी वावर मोजता येतं.

फेब्रुवारीत तूर निघते, तोवर कापूसही गेलेला असेल, खोली स्वच्छ. पुलगावला उतर, तिथून एसटी आहे. आधी काकूंकडे जाऊ, दोघं. तिथं काय बोलायचं ते मी बोलीन. पैशाचं काढायचं नाही, अर्धे नकोत मला.

आणि येताना तो पंच आण.

तुझा,
लंब्या