प्रत्येक खपली म्हणजे नायटा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मांजराच्या अंगावर खपली दिसली की नायटा समजून मलम लावायचे, ही इंदूरमधील सर्रास पद्धत आहे. आमच्या सात वर्षांच्या मांजरीवरही गेल्या वर्षी तीन महिने असेच उपचार झाले. तिच्या कानांवर, नाकावर आणि स्तनाग्रांभोवती पिवळसर खपल्या धरत होत्या, नखांच्या मुळाशी घट्ट पू साचत होता आणि तिचे खाणे सुटत चालले होते. तरीही तो पू काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, असे कोणाला सुचले नाही. मीही कडुलिंबाच्या पाण्याने खपल्या धूत राहिले. बायोप्सीसाठी, म्हणजे त्वचेचा नमुना काढून तपासण्यासाठी, खपलीच सर्वांत मोलाची असते, ती धुतली की निदानाचा पुरावाच जातो, हे पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले.

निदान निघाले ‘पेम्फिगस फोलिएशियस’. मांजरांच्या ऑटोइम्यून त्वचारोगांत हाच सर्वाधिक आढळतो. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या सांध्यांवर शरीराचीच प्रतिपिंडे हल्ला करतात, त्यामुळे पेशी सुट्या होऊन पुळ्या येतात आणि त्या फुटून खपल्या धरतात. हा रोग माणसाला लागत नाही. नायटा मात्र लागतो, आणि त्या भीतीपोटी शेजारी तिला दाराशीही येऊ देत नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. नायटा हा बुरशीचाच रोग, आणि काही वेळा बुरशीचा संसर्गही हुबेहूब पेम्फिगससारखा दिसतो, म्हणून बुरशीची तपासणीही करून घ्यावीच.

उपचारांत मुख्य औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. नावात थोडाच फरक असलेले प्रेडनिसोन मांजराच्या शरीरात प्रेडनिसोलोनमध्ये नीट रूपांतरित होत नाही, त्यामुळे दुकानदाराने ‘एकच आहे’ म्हटले तरी ते घेऊ नये. कुत्र्यांना दिले जाणारे अ‍ॅझाथायोप्रिन मांजरांच्या अस्थिमज्जेला घातक ठरते. स्टेरॉइड पुरेसे पडले नाही तर डॉक्टर सायक्लोस्पोरिन किंवा क्लोरॅम्ब्युसिल ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे देतात. खपल्या गेल्या म्हणून गोळी एकदम बंद करू नये. मात्रा कित्येक आठवडे, कधी महिने, टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, आणि स्टेरॉइडमुळे मांजराला मधुमेह होऊ शकत असल्याने रक्तातील साखरही तपासत राहावी लागते. आमच्या मांजरीला आता दिवसाआड गोळी पुरते.

महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या शहरापासून जवळ आहे. तेथील तज्ज्ञांनी इंदूरच्या पशुवैद्यांसाठी त्वचारोगनिदानाचे एखादे प्रशिक्षण आयोजित करावे आणि मलम लिहिण्यापूर्वी काचपट्टी तपासण्याचा पायंडा पाडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर