कुंड्या मुलुंडला आणल्यात, रागवू नका

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

आधीच सांगून टाकते. गच्चीवरची जास्वंदीची रोपं मी मुलुंडला आणली. सगळं रिकामं केलेलं नाही हं. गॅलरीतली देशी लाल आणि मोठी पिवळी गिरगावातच आहेत, शेजारच्या काकू पाणी घालतात. बाबांनी संकर करून बियांपासून वाढवलेली तेवढी माझ्याकडे. तुम्ही दादाकडे पुण्यात आहात तोवरच टेम्पो सांगितला, कारण बाबा, तुम्ही समोर असता तर एकही कुंडी खाली उतरली नसती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात माती-पाणी जाऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि लगेच विचारलंत, "नुसती सरकवली तर?" त्यात पाऊस तोंडावर, आणि तो लाकडी जिना! एका बोंडातल्या दोन बियांनाही सारखं फूल येत नाही, प्रत्येक रोप एकच, गेलं की गेलं, हे तुमचंच म्हणणं. मग ती कोणाच्या भरवशावर ठेवायची?

इथे दुपारपर्यंत ऊन असतं. हलवल्यामुळे कळ्या गळाल्या, पण पानं टवटवीत आहेत. कुंड्यांमधल्या नावांच्या पट्ट्या पेन्सिलीनेच लिहिल्यात, शाई उन्हात उडते म्हणून. आधी बी धरणारीचं नाव, मग परागवाल्याचं. आपल्या घराण्यात आईचं नाव आधी लागतं ते एवढ्या एकाच ठिकाणी.

माझी बोटं बारीक म्हणून शाळेच्या गडबडीतही तुम्ही मला उचलून घ्यायचात, आठवतं? फुलातल्या दांडीच्या टोकाचे पाचही ठिपके मी परागाने भरले की "शाब्बास चिमे!" मग मी देठाला दोरा बांधायचे आणि आईला बजावायचे, हे गणपतीला नाही. तरी त्या अंगारकीला व्हायचं ते झालंच. जाऊ दे, तो विषय नको.

संकर यापुढेही तुम्हीच करायचा. पावसात पराग भिजतो, बोंड धरत नाही, म्हणजे दिवाळीपर्यंत तुमचं तसंही काही बुडत नाही. थंडी पडली की इथलं ताजं फूल डब्यात घालून सकाळच्या लोकलने आणीन. ऊन चढायच्या आत तुम्ही गॅलरीत खुर्चीवर बसून पिवळीवर लावा. बोंड पिकायला दीड-दोन महिने लागतात, ते आईने सांभाळावं. पुढे बी टोकरून भिजवणं, रुजवणं आणि पहिल्या फुलाची वर्ष-दीड वर्ष वाट बघणं माझ्याकडे. नापास रोपं कोणती ते मात्र तुम्ही ठरवा, माझ्याच्याने एकही फेकवणार नाही.

आई, गच्ची मोकळी झाली म्हणून लगेच पापड घेऊन वर चढू नकोस. गुडघ्यांचं काय ठरलंय? बाबांचे थेंब वेळेवर घाल, काळा चष्मा लावल्याशिवाय बाहेर सोडू नकोस, आणि डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून आंघोळ नाही. परत आल्यावर पिवळीवर पिठ्या ढेकूण दिसला तर बाबांनी स्वतः फवारायचं नाही, मला फोन करायचा.

एका कुंडीची पट्टी वाहून गेलीय. कोवळी पानं तांबूस आहेत, गच्चीत टाकीजवळ असायची ती. तिचे आईवडील कोण, ते वहीत बघून कळवा. वही तुम्ही पुण्याला नेलीच असणार. वाचायची मात्र आईने.

तुमची,
चिमी