सूचना : मोठ्यांच्या राहिलेल्या लसी

सर्व सभासदांना नमस्कार,

२०२० मध्ये कोरोना आला, दवाखान्यात जाणं टळलं आणि मोठ्यांच्या नेहमीच्या लसी मागे पडल्या, त्या अनेकांच्या अजून राहिल्यात. मुलांचं लसीकरण कार्ड कुणीतरी जपून ठेवतं, मोठ्यांना कुणी विचारतही नाही.

धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर दर १० वर्षांनी, फ्लूची लस दरवर्षी. पासष्टीपुढच्यांनी न्यूमोकोकल (न्यूमोनियासारख्या आजारांवरच्या) लसीबद्दल जरूर विचारावं. कोरोनाची लस या आजारांपासून वाचवत नाही.

नागिणीच्या लसीचा दुसरा डोस राहिलाय? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, उरलेला डोस घ्यायचा. मुद्दाम सांगतेय, कारण ‘आता उशीर झाला’ म्हणून बरेच जण जातच नाहीत.

जुने कागद सापडले नाहीत तरी डॉक्टरांना भेटा. गरोदर असाल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर तसं आधी सांगा.