पार्किंगमधल्या त्या काकांना

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या जुन्या स्विफ्टला पुढून कॅम्बर प्लेट (चाकाचा आत-बाहेरचा कल, म्हणजे कॅम्बर, बदलू देणारी प्लेट) बसवत होतो. वेगात वळण घेताना टायरची बाहेरची कडच झिजायची, म्हणून हा खटाटोप. डावा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एकत्र भाग) काढला, मधल्या नटाला पाना लावला, तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे थांब! स्प्रिंग नीट आवळली नाहीये!" खरंच, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचा एक हुक निसटत आला होता. नट सुटला असता तर स्प्रिंग सरळ तोंडावर आली असती. काका, तुम्ही स्वतः बसून दोन्ही बाजू समान आवळून घेतल्यात आणि दूध घेऊन निघूनही गेलात. तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.

ओळख नसताना टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) देणाऱ्या गॅरेजवाल्या दादांचेही. आणि अलाइनमेंटवाल्या त्या मुलाचे: शटर ओढायची वेळ झाली होती, तरी "कॅम्बर बदलला की टो पण बिघडतो, अशी नेऊ नका" (टो म्हणजे वरून पाहताना चाकं किती सरळ समोर आहेत ते) म्हणत त्याने गाडी आत घेतली. कॅम्बर आता उणे २ अंश (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), दोन्हीकडे सारखा. स्टीअरिंग आता एकदम सरळ आहे.

काका, बी विंगमध्ये राहत असाल तर चहाला या. मी रोज संध्याकाळी खालीच असतो.